तळघरातला सर्व्हर

2022 च्या नोव्हेंबर महिन्यात सुमारे 30,000 माणसांचे लिखाण अमेरिकेतल्या एका घराच्या तळघरात राहायला आले. त्याआधी तिथे साधारण 700 जण होते. घर होते क्रिस नोवा यांचे. त्या पेशाने प्रोग्रामर. मोठ्या संगणक-यंत्रणा अखंड कशा चालू ठेवायच्या, हा त्यांचा विषय. त्यावर जस्टिन गॅरिसन यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक 2017 मध्ये प्रसिद्ध झाले होते. नोकरी सांभाळून त्या गिर्यारोहण करत, तेही बर्फाच्या आणि उंच कड्यांच्या वाटांवरचे. प्रोग्रामिंग करताना त्याचे थेट प्रक्षेपणही करत, म्हणजे त्यांच्या पडद्यावर उमटणारी प्रत्येक ओळ आणि प्रत्येक चूक प्रेक्षकांसमोर घडे. आणि तळघरात त्यांनी स्वतःचे सर्व्हर मांडले होते.

संगणकाच्या क्षेत्रात या शेवटच्या छंदाला 'होम लॅब' म्हणतात. दिवसभर कंपनीची यंत्रे सांभाळायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःची. बाहेरच्या माणसाला ही शिक्षा वाटेल. पण सुतार दिवसभर गिऱ्हाइकाची कपाटे करतो आणि रविवारी स्वतःसाठी तिपाई करायला बसतो, त्यातलाच हा प्रकार. घरच्या यंत्रावर साहेबाची मंजुरी लागत नाही, वाट्टेल ते करून पाहता येते, आणि बंद पडले तर घरातल्या चारदोघांचीच गैरसोय होते. नोवांच्या तळघरात मात्र 'हॅकीडर्म' नावाचा एक मॅस्टडॉन सर्व्हर होता, आणि तिथून पुढे प्रश्न चारदोघांचा उरला नाही.

मॅस्टडॉन हे ट्विटरसारखे माध्यम, पण मालक नसलेले. नेमके बोलायचे तर हजारो छोटे मालक असलेले. ऑयगन रोश्को या तरुणाने जर्मनीत येना इथे शिकत असताना ते रचले आणि 2016 मध्ये लोकांसमोर ठेवले. कल्पना त्यांचीच होती असे नाही. माँट्रियलच्या एव्हन प्रोड्रोमू यांनी 2008 मध्येच 'आयडेंटिका' सुरू केले होते. 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या चार विद्यार्थ्यांनी लोकवर्गणीतून 'डायस्पोरा' उभे केले, तेव्हा मागितले दहा हजार डॉलर आणि जमले दोन लाखांच्या घरात. दोन्ही प्रयोगांना मोठे यश आले नाही. पण अनुभव वाया गेला नाही: सर्व्हरांनी एकमेकांशी कसे बोलावे याची 'ॲक्टिव्हिटीपब' नावाची नियमावली जानेवारी 2018 मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक संस्थेने मान्य केली आणि तिच्या लेखकांत प्रोड्रोमूही होते.

ही नियमावली समजायला ईमेल आठवावी. एकाचे खाते एका कंपनीकडे, दुसऱ्याचे विद्यापीठाकडे असते, तरी पत्र पोचते, कारण पत्त्यात माणसाचे नाव आणि घराचे नाव दोन्ही असतात. मॅस्टडॉनवरचा पत्ता तसाच. मी पुण्यातल्या एखाद्या सर्व्हरवर लिहिले आणि माझे वाचक 200 वेगवेगळ्या सर्व्हरांवर असले, तर माझा सर्व्हर 200 ठिकाणी प्रत धाडतो. प्रत्येक पाकिटावर माझ्या सर्व्हरची डिजिटल सही असते, म्हणजे माझ्या नावाने तिसऱ्याला पत्र टाकता येत नाही. आलेले लिखाण तारखेच्या क्रमाने दिसते. कोणते वर आणायचे हे ठरवणारे गणित आत बसलेले नाही. मजकुराला मूळ मर्यादा 500 अक्षरांची, आणि मोजणी वाचकाला दिसणाऱ्या अक्षरांची होते. 'कि' हे एकच अक्षर. वेलांटी वेगळी धरत नाहीत. मराठीत लिहिणाऱ्याला इतका न्याय सहसा मिळत नाही.

ईमेलची उपमा इथवर चालते, पुढे मात्र फसते. पत्र एकाला जाते. इथे प्रत्येक वाक्याच्या शेकडो प्रती निघतात, त्यांवरची उत्तरे परत येतात, आणि दुसऱ्यांच्या सर्व्हरवरची छायाचित्रे आपल्याकडेही साठवली जातात. त्यामुळे सर्व्हरवर माणसे किती, यापेक्षा त्यांची बाहेर सोयरीक किती, यावर भार ठरतो. 27 ऑक्टोबर 2022 ला इलॉन मस्क यांनी ट्विटरचा 44 अब्ज डॉलरचा व्यवहार पुरा केला आणि लोक बाहेर पडू लागले. रोश्को यांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे मॅस्टडॉनचे मासिक वापरकर्ते ऑक्टोबर ते नोव्हेंबरमध्ये सुमारे 3 लाखांवरून 25 लाखांवर गेले. हॅकीडर्मकडे वळले ते मुख्यतः संगणक क्षेत्रातले लोक, म्हणजे भरपूर लिहिणारे आणि भरपूर ओळखीपाळखी असलेले.

तळघर घुसमटले. नोवा आणि त्यांच्या स्वयंसेवक साथीदारांनी डिसेंबरमध्ये याचा सविस्तर वृत्तान्त जाहीर केला. या विषयातला तो माझ्या मते सर्वांत वाचनीय दस्तऐवज आहे. मूळ दुखणे क्षुल्लक होते. 'ॲलिस' नावाच्या एका यंत्रातल्या डिस्क मंदावल्या होत्या. पण त्याच डिस्कवरच्या फायली बाकीची यंत्रे नेटवर्कवरून वाचत होती. एक फाईल उशिरा मिळाली की तिची वाट पाहणारे काम अडे, त्याच्यामागचे अडे, आणि पानाची वाट पाहणाऱ्या माणसाला दिसे ती फक्त फिरणारी चकती. टोलनाक्यावर एकाच्या सुट्ट्या पैशांमुळे मैलभर रांग लागावी तसे. शेवटी चित्रे वेगळ्या भाड्याच्या साठवणीत हलवली गेली आणि सर्व्हर जर्मनीतल्या भाड्याच्या यंत्रांवर.

या वृत्तान्तात दोष कुणावर ढकललेला नाही. आधी काय दिसले, काय समजलो, प्रत्यक्षात काय होते, एवढेच येते. मोठ्या यंत्रणा सांभाळणाऱ्या प्रोग्रामरांमध्ये बिघाडानंतर असा निर्दोष पंचनामा लिहिण्याची चाल आहे. कंपनीत तो सहसा दाराआड राहतो. इथे तो वापरणाऱ्यांच्याच हाती पडला, आणि त्यांतले अनेकजण त्याच पेशातले असल्याने त्यांनी तो गोष्टीसारखा वाचला. विकेंद्रित माध्यमाची खरी ओळख मला सहीच्या गणितापेक्षा इथे पटते: यंत्र बंद पडले तर का पडले हे सांगणारे माणूस असते.

याच्या उलट बाजूही याच रचनेतून निघतात. चालक तोच न्यायाधीश. कुणाला काढायचे, कोणत्या परक्या सर्व्हरशी संबंध तोडायचे, हे तो ठरवतो, बहुधा नोकरीवरून घरी आल्यावर. खासगी म्हणून पाठवलेला निरोप इथे कुलूपबंद नसतो. चालकाने ठरवले तर तो वाचू शकतो. 'खोडून टाका' ही सूचना इतर सर्व्हरांना विनंती म्हणून जाते, आणि ती मानायची की नाही हे शेवटी त्यांच्या हातात. 2019 मध्ये 'गॅब' या अमेरिकेतल्या अतिउजव्यांच्या अड्ड्याने मॅस्टडॉनचाच मुक्त परवान्याचा कोड उचलला. त्यांना अडवण्याची सोय परवान्यात नव्हती. असंख्य सर्व्हरांनी आपापली दारे लावून घेतली, एवढेच करता येत होते. आणि तेवढे बऱ्यापैकी पुरले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतातूनही एक लाट मॅस्टडॉनवर आली. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले. कारण ठरले ते नाझी सलाम न करता हात बांधून उभ्या असलेल्या जर्मन कामगाराचे प्रसिद्ध छायाचित्र आणि पुढे एक हिंदी कविता. निषेध म्हणून पत्रकार, लेखक, विद्यार्थी मॅस्टडॉनवर गेले. काही आठवडे गजबज होती, मग बहुतेक परतले. याला चंचलपणा म्हणणे सोपे आहे. पण नव्या माणसाला पहिल्याच पानावर 'कोणता सर्व्हर?' हा प्रश्न पडतो, आणि ज्यांच्याशी भांडायचे ते सगळे जुन्याच चावडीवर असतात. शिवाय दुसऱ्याचे वाक्य उद्धृत करून त्यावर शेरा मारण्याची सोय रोश्कोंनी जाणून ठेवली नव्हती. तिने झुंडी जमतात, असे त्यांचे मत. ती अखेर 2025 च्या अखेरीस आली, आणि तीही मूळ लेखकाला नकाराधिकार देऊन. आपल्या ट्विटरी वादविवादाचा निम्मा दारूगोळा तोच होता, हे लक्षात घेतले तर परतीचे कारण वेगळे शोधावे लागत नाही.

मराठी वाचकाला यात साठच्या दशकातली लघुनियतकालिके आठवतील. सायक्लोस्टाइल यंत्र, पदरचे पैसे, आणि संपादक दुसऱ्या गावी बदलून गेला की अंक बंद. अंक बंद पडला तरी जुने अंक कुणाच्या तरी माळ्यावर उरत. सर्व्हर बंद पडला की माळाही जातो. दुसऱ्या सर्व्हरवर घर हलवण्याची सोय मॅस्टडॉनमध्ये आहे, पण तुमच्याबरोबर तुमचे वाचक येतात, तुमचे जुने लिखाण मागेच राहते. फेब्रुवारी 2024 मध्ये 'क्विअर डॉट एएफ' हा सर्व्हर गेला तो पैशांअभावी नव्हे. नावाच्या शेवटची 'एएफ' ही अक्षरे अफगाणिस्तानची आहेत, आणि तालिबान सरकारच्या मंत्रालयाने ते नावच काढून घेतले. मालक नसलेल्या माध्यमालाही पत्ता कुणाकडून तरी घ्यावा लागतो.

ऑगस्ट 2023 मध्ये क्रिस नोवा गिर्यारोहणातल्या अपघातात मरण पावल्या. हॅकीडर्म त्या तळघरात आणि त्यांच्या एकटीच्या नावावर असता, तर हजारो लोकांना त्या आठवड्यात नोवांबरोबर स्वतःची जागाही गमवावी लागली असती. तसे झाले नाही. त्यांच्या हयातीतच 'निव्हेनली फाउंडेशन' ही ना-नफा संस्था उभी राहिली होती, आणि सर्व्हरच्या किल्ल्या, भाड्याची बिले, नियमांचे निर्णय अनेक हातांत गेले होते. यंत्रणा सांभाळणाऱ्यांच्या धंद्यात एक क्रूर प्रश्न नेहमी विचारतात: उद्या अमुक माणूस बसखाली आला तर काय बंद पडेल? हा प्रश्न स्वतःच्या घराला विचारणारे कमी.

मॅस्टडॉनमध्ये दिवंगतांच्या खात्यासाठी एक सोय आहे. चालकाने खूण केली की खात्यावर स्मरणार्थ अशी नोंद येते, कुणाला आत शिरता येत नाही, लिखाण तसेच राहते. ते मूळ सर्व्हरचे भाडे भरले जाते तोवर राहते. बाकीच्या सर्व्हरांवर गेलेल्या प्रतींचे ज्याच्या त्याच्या चालकावर अवलंबून: जागा वाचवण्यासाठी बहुतेकजण परकी छायाचित्रे थोड्याच दिवसांत पुसून टाकतात, मजकूर मात्र फारशी जागा खात नाही म्हणून पुष्कळदा तसाच पडून असतो.