मैलाच्या अंतरावरचा शेजार

३ ऑगस्ट १९२३ रोजी पहाटे पावणेतीनच्या सुमारास, अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील व्हरमाँट राज्यात, प्लिमथ नॉच नावाच्या डोंगरी वस्तीतील एका लाकडी घरात, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात एका वृद्ध पित्याने आपल्या पुत्रास देशाच्या अध्यक्षपदाची शपथ दिली. आदल्या संध्याकाळी अध्यक्ष हार्डिंग यांचे सॅन फ्रान्सिस्को येथे आकस्मिक निधन झाले होते. उपाध्यक्ष कॅल्विन कूलिज सुटीकरिता वडिलांकडे आलेले होते. घरात वीज नव्हती, टेलिफोनही नव्हता. मात्र एके काळी गावचे दुकान चालविणारे थोरले कूलिज हे नोटरी होते, आणि तेवढा अधिकार त्या पहाटे पुरेसा ठरला. शपथ झाल्यावर नवे अध्यक्ष पुन्हा झोपावयास गेले, असे सांगतात. या प्रसंगातील नाट्य पुष्कळांनी रंगविले आहे. मला त्यात छोट्या अमेरिकन गावाचा स्वभाव दिसतो. तेथे मनुष्यबळ थोडे आणि कामे अनेक, म्हणून सरकार नावाची वस्तू शेजाऱ्याच्याच घरात, इतर सामानसुमानाबरोबर ठेवलेली असते.

व्हरमाँटमधील ‘टाऊन’ म्हणजे आपण समजतो तसे दाटीचे गाव नव्हे. अठराव्या शतकात न्यू हॅम्पशायरच्या गव्हर्नराने या मुलखाच्या सनदा दिल्या, तेव्हा साधारणतः सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोन आखले गेले. त्या चौकोनात एखाद-दुसरी वस्ती, एक पांढरे चर्च, एक किराणा दुकान, टपालकचेरी, आणि बाकी सारे अरण्य, कुरणे व तुटक घरे. जाहिरातींचे फलक राज्याने १९६८ च्या कायद्याने बंद केले, त्यामुळे रस्त्याने जाताना डोळ्यांस झाडांखेरीज काही भेटत नाही. न्यूयॉर्क-बोस्टनकडचे लोक एकांत मिळेल म्हणून येथे घर घेतात आणि थोड्याच दिवसांत चकित होतात. कारण घरे मैलामैलावर असली तरी आपल्या अंगणात काल कोणाची मोटार उभी होती हे दुकानदारास ठाऊक असते, आणि काही गावांच्या वार्षिक अहवालात तर कर थकविणाऱ्या बाकीदारांची नावे छापून तो अहवाल घरोघर पोहोचविला जातो. अशा नवागतांना स्थानिक लोक ‘फ्लॅटलँडर’, म्हणजे सपाटीवरचे, म्हणतात. ही पदवी वीस वर्षे राहिल्यानेही सुटत नाही.

हा वार्षिक अहवाल येतो तो मार्चच्या पहिल्या मंगळवारी भरणाऱ्या गावसभेच्या तयारीसाठी. सभेची सूचना किमान तीस दिवस आधी लावावी लागते. शंभरांतील पाच मतदारांनी सह्या केल्या तर त्यांचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावाच लागतो. त्या दिवशी शाळेच्या व्यायामगृहात किंवा टाऊन हॉलमध्ये घडीच्या खुर्च्यांवर बसून लोक रस्त्यांची डागडुजी, बर्फ हटविण्याचा ट्रक, वाचनालयाचे अनुदान अशा बाबींवर तरतूदवार वाद घालतात आणि हात वर करून अंदाजपत्रक मंजूर करतात. कधी त्यांची दृष्टी शिवेपलीकडेही जाते: १९८२ साली दीडशेहून अधिक गावांनी अण्वस्त्रवाढ गोठवावी असे ठराव केले, आणि मग पुन्हा खडीच्या खर्चाकडे वळले. दुपारी सर्वांचे एकत्र जेवण. भांडण निदान जेवणापाशी तरी थांबते.

या सभेतील एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. बोलणाऱ्याने समोरच्यास उद्देशून बोलावयाचे नाही. जे काय म्हणावयाचे ते अध्यक्षस्थानी असलेल्या ‘मॉडरेटर’ला उद्देशून म्हणावयाचे. घराची करासाठी किंमत ठरविणारा ‘लिस्टर’ हा गावानेच निवडलेला शेजारी असतो. त्याने आपली पडवी महाग लावली हा राग भर सभेत काढताना तो त्रयस्थाच्या कानांवरून वळसा घेऊन जातो, आणि वळशात थोडा निवतो. हा निवलेला राग पुढे उपयोगी पडतो, कारण सभेच्या पाठोपाठ येतो चिखलाचा ऋतू. राज्यातील निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे. बर्फ वितळू लागले की त्यांत मोटारी आसापर्यंत रुततात, आणि ट्रॅक्टर घेऊन ओढावयास जो येतो तो बहुधा तोच लिस्टर असतो. चित्रकार नॉर्मन रॉकवेलने आर्लिंग्टन गावच्या अशाच एका सभेत नव्या शाळेच्या खर्चाला एकट्याने विरोध करणारा शेतकरी पाहिला, आणि त्यावरून त्याला १९४३ साली प्रसिद्ध झालेले भाषणस्वातंत्र्याचे चित्र सुचले. चित्रात बोलणारा उठून दिसतो, पण माझे लक्ष भोवतालच्या, मान वर करून मुकाट्याने ऐकणाऱ्या चेहऱ्यांकडेच जाते.

हे सारे आज जसेच्या तसे नाही. राजकारणाचे अभ्यासक फ्रँक ब्रायन यांनी १९७० पासूनच्या सुमारे दीड हजार सभांची मोजदाद केली, तेव्हा सरासरी पाचांतील एकच मतदार उपस्थित आढळला. नोकरीसाठी तीस-चाळीस मैल जाणाऱ्यास मंगळवार मोकळा कोठून? म्हणून कित्येक गावांनी गुप्त मतपत्रिकेचा मार्ग धरला आहे. त्यात मत देणारे वाढतात, हे खरे. पण मतपत्रिकेवर दुरुस्ती सुचविता येत नाही, आणि शेजाऱ्याचे ऐकून मत बदलण्याची वेळच येत नाही.

जुन्या कायद्यातील काही पदे मात्र पुस्तकात अजून आहेत. मार्चच्या सभेनंतर गावचे कारभारी मंडळ एकत्र जमले की त्याला तीन कुंपण-पंच, कोंडवाड्याचा राखणदार आणि कोळसा तोलणारा नेमण्याची मुभा असते. कोळसा तोलावयास कोणी वर्षानुवर्षे आलेले नसते, तरी कित्येक ठिकाणी नावे सुचविली जातात, थोडे हसू होते, आणि नेमणुकीची नोंद दप्तरात केली जाते.