इंद्रवेल्लीचा सोमवार

सोमवार हा इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराचा वार. आदिलाबाद जिल्ह्यातील डोंगरवस्त्यांवरचे गोंड स्त्री-पुरुष या दिवशी मीठमिरचीसाठी खाली उतरतात. २० एप्रिल १९८१ हाही सोमवारच होता. त्या दिवशी गिरिजन रैतू कूली संघम या संघटनेने तेथे गोंडांची सभा बोलाविली होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचे पट्टे मिळावेत आणि बाहेरून आलेल्यांच्या घशात जाणारी जमीन वाचावी, एवढेच मागणे होते. सभेला आधी परवानगी मिळाली; मग ऐनवेळी ती काढून घेऊन जमावबंदीचा हुकूम निघाला. हा हुकूम रानातल्या वस्तीवस्तीवर कोण पोहोचविणार? माणसे निघाली होती. कोणी सभेसाठी, कोणी नुसत्या बाजारासाठी.

ठिणगी कशी पडली याविषयी दोन बाजूंच्या दोन हकीकती आहेत. एका शिपायाने एका गोंड स्त्रीच्या अंगाला हात लावला आणि तिने त्याला तिथेच उत्तर दिले, असे गोंड सांगतात. जमाव शस्त्रे घेऊन चालून आला, असे पोलीस सांगत. एक शिपाई मारला गेला, हे खरे. त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असेल. परंतु त्यानंतर जो गोळीबार झाला, त्यात सरकारी हिशेबाने १३ माणसे मेली. हा आकडा गोंडांनी कधीच मानला नाही. लोकांच्या तोंडी तो साठापर्यंत आणि त्याच्याही पुढे जातो. मेलेल्यांच्या संख्येवर सरकारचे व लोकांचे एकमत होऊ नये, यातच त्या माणसांची सरकारदरबारी किंमत काय होती ते कळते.

वाचकहो, हे सारे आपल्यापासून दूरचे आहे असे मानण्याची सोय आपणांस नाही. निजामी अमलात आदिलाबादेत आपली मराठी सर्रास चालत असे. गोंडांना घरात गोंडी आणि बाजारात मराठी, अशा दोन भाषा येत. त्या मुलखात पटवारी, सावकार, जमीनदार म्हणून जे गेले, त्यांत मराठी बोलणारेही होते. 'तिकडे जमीन स्वस्त आहे' हे वाक्य मी लहानपणी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अनेकदा ऐकले आहे. ती स्वस्त का होती, हे मात्र कोणी विचारल्याचे आठवत नाही. रान राखीव झाल्यामुळे गोंड उठविला गेला, कागद नसल्यामुळे तो आपल्याच शेतात उपरा ठरला. स्वस्ताईचे मूळ ते होते.

याच कारणाने १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीमू उभा राहिला आणि निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी साथीदारांसह पडला. त्यानंतर सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडून गोंडांच्या दुःखाचे कारण समजून घेतले. त्यांच्या पुढाकाराने मार्लवाई येथे गोंडी शाळा निघाली, आणि तिची पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. इंद्रवेल्लीजवळ केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. तेथे १९४२ पासून दरबार भरू लागला. अधिकाऱ्यांनी गोंडांमध्ये बसावे व गाऱ्हाणी ऐकावीत, हा त्याचा हेतू. पुढे कायदेही झाले. १९५९ च्या विनियमात १९७० साली दुरुस्ती होऊन अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीला देण्यास बंदी आली. पण कायदा पुस्तकात राहिला आणि जमीन जात राहिली. ज्या मुलखात गाऱ्हाणे ऐकण्यासाठी दरबार भरविला, तेथेच चाळीस वर्षांच्या आत गाऱ्हाण्याला बंदुकीने उत्तर मिळाले.

माझ्या मते, याहून मोठा अन्याय पुढेच झाला. मृतांच्या स्मरणार्थ तेथे एक स्तंभ उभारला होता, तो १९८६ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आला. पुढे पुन्हा उभा राहिला. तरीही वर्षानुवर्षे २० एप्रिल उजाडला की जमावबंदी लागे, रस्त्यांवर पोलीस बसत, आणि आईबापांच्या नावाने दोन फुले वाहायला निघालेल्यांना परत फिरावे लागे. गोंड हा पूर्वजांना मानणारा समाज. मेलेला माणूस पितरांत नीट मिळावा, यासाठी तो स्वतंत्र विधी करतो. अशा समाजाला शोक करण्याचीच मनाई!

दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल येथे २१ मार्च १९६० रोजी पोलिसांनी ६९ कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. तीही माणसे जाचक कायद्याविरुद्ध जमली होती. १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने तो दिवस वंशभेद-निर्मूलनासाठी जगाच्या पंचांगात घातला; आज खुद्द दक्षिण आफ्रिकेत त्या दिवशी मानवी हक्कांची सुट्टी असते. शार्पव्हिलबद्दल आपण हळहळलो, ते योग्यच झाले. इंद्रवेल्ली मात्र आपल्या नकाशात असूनही पंचांगात आली नाही.

तेलंगण राज्य २०१४ मध्ये झाल्यावर बंधने हळूहळू सैल झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी स्तंभाशी जाऊन मृतांना वंदन केले. उशिरा का होईना, हे झाले ते बरे झाले. तथापि वंदन म्हणजे न्याय नव्हे. ज्या जमिनीसाठी माणसे जमली होती, तिचा प्रश्न हारतुऱ्यांनी सुटत नाही.

पुष्य अमावास्येला मेस्राम कुळाची माणसे पायी आणलेल्या गोदाजलाने नागोबाची पूजा करतात. आपल्यापैकी अनेकजण हौसेने ती जत्रा पाहून येतात. या खेपेस जाल, तेव्हा वाट थोडी वाकडी करून त्या स्तंभापाशीही उभे राहा. तेथे कोणी म्हातारा गोंड भेटला आणि मराठीत बोलू लागला, तर त्याचे पुरते ऐकून घ्या. त्याची भाषा आपणांस कळते. न कळल्याची सबब आपल्यापाशी नाही.