दंड भरू, पाणीही भरू

देवळाली प्रवरा म्हणजे उसाचा टापू. (तोफखान्याची देवळाली ती नाशिकची, ही राहुरी तालुक्यातली. पाहुणे अजून चुकतात.) कालव्याला आवर्तन सुटायचं म्हटलं की शेतकऱ्याने आधी ‘सात नंबर’ भरायचा, म्हणजे पाण्याची मागणी लेखी नोंदवायची. न भरता पाणी घेतलं, तर पंचनामा आणि चढ्या दराने आकारणी. धाक चोख आहे. पण डोळ्यांदेखत ऊस करपत असेल, तर पंचनामा महाग की पाणी, हे गणित बांधावर उभ्या उभ्या सुटतं!

इस्रायलच्या हैफा शहरात पाळणाघरांनाही हाच धडा मिळाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना 10 शेकेल दंड लावला, तर उशीर करणारे वाढलेच. आधी बाईंसमोर ओशाळायला व्हायचं. आता पैसे टेकवले की झालं. पुढे दंड उठवला, तरी गेलेली लाज काही परतली नाही. दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2000 साली हे छापून टाकलं.

छडी कारखान्यावरही आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत उसाचे पैसे दिले नाहीत, तर वर्षाला 15 टक्के व्याज. त्या व्याजाने किती साखर कारखान्यांची झोप उडते, हे ऊस घालणाऱ्यालाच विचारावं.

नगरपरिषदेची निवडणूक लढवायची आहे? छडी तिथेही आहे. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर उमेदवारी बाद. एकावर जुळं झालं तर मात्र माफ! ‘मूल दत्तक दिलं’ ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात बुजवली.

देवळालीच्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी केली. तिथे दंडाच्या रकमेपेक्षा ग्रामसभेत चारचौघांसमोर उभं राहणं जड.

आणि सगळ्यात स्वस्त धाक शेजारच्या नेवासा तालुक्यात, शनिशिंगणापुरात. चोरी केली की शनिदेवाचा कोप, म्हणून घरांना दारंच नाहीत. युको बँकेने 2011 मध्ये तिथे ‘बिनकुलपाची’ शाखा काढली. तिच्या काचेच्या दाराला दिसेल न दिसेल असं रिमोटवर चालणारं चुंबकीय कुलूप आहे म्हणे. 2015 मध्ये गावात पोलीस ठाणंही आलं.