रस्तेबांधणीचे काही शब्द : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

एखाद्या तंत्राचा इतिहास दप्तरापेक्षा कामकऱ्यांच्या बोलीत पुष्कळदा अधिक टिकून राहतो. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता व तेथील दप्तराची भाषा उर्दू होती. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राजवटी बदलल्या तशी कागदावरची परिभाषा बदलली. खाणीवरची भाषा मात्र फारशी हलली नाही.

यांतील सर्वांत महत्त्वाचा शब्द मुरूम. काळा पाषाण झिजून, कुजून जे भरड द्रव्य होते ते मुरूम होय. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या प्रसिद्ध कोशात हा शब्द मराठी असावा असे नोंदले आहे. पुढे तो इंग्रजीत शिरून पूर्व आफ्रिकेत गेला व तेथील तांबड्या जांभ्याच्या भरावास लागू झाला. शब्द गेला, दगड मात्र बदलला!

मुरमाचे मोल गेवराई-माजलगावकडील गोदाकाठी विशेष कळते. तेथील काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट खडी पसरली तर ती चिखलात रुतून नाहीशी होते. म्हणून आधी भराव, त्यावर मुरमाचा थर, आणि दोन्ही अंगांस पाणी काढून देणारे चर, असा क्रम ठरला. दक्षिणेस बालाघाटाच्या माथ्यावर कठीण भूमी पायाखालीच असल्याने ही चिंता कमी.

मुरमावर दगड कसा घालावा याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दोन मते होती. टेलफर्डच्या मते तळाशी मोठे दगड हातांनी रचावे; मॅकॅडमच्या मते त्यांची गरज नाही, कोनदार बारीक खडी दाबून एकमेकींत अडकली व जमीन कोरडी राहिली म्हणजे पुरे. आपल्याकडे दोन्ही मतांचा संकर झाला. खालच्या मोठ्या दगडांस ‘सोलिंग’ म्हणतात, आणि वर मॅकॅडमची खडी. या खडीवर रूळ फिरवून, बारीक चुरा वा मुरूम पसरून, पाणी शिंपून पुन्हा दाबतात. येथे पाणी व चुरा मिळून सांध्याचे काम करतात, डांबर नंतरचे.

खडी हा शब्द या जिल्ह्यात केवळ तांत्रिक राहिला नाही. १९७२ च्या दुष्काळात हजारो शेतकरी, स्त्रिया व मुले खडी फोडण्यास बसली. पूर्वी हे काम बहुतांशी वडारांचे मानले जाई; त्या वर्षी जमीनदार कुणबीही हातोडी घेऊन बसला. मजुरी मापावर मिळे, आणि माप होते ब्रास, म्हणजे १०० घनफूट. ‘ब्रास’, ‘मस्टर’, ‘मुकादम’ हे शब्द ज्या घरांत कधी गेले नव्हते तेथे ते अन्नाचे शब्द झाले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन १९७९ मध्ये अमलात आला, त्यामागे हाच अनुभव होता. खडीचे ढीग अनेक ठिकाणी रस्त्याची वाट पाहत पडून राहिले, हेही नमूद केले पाहिजे.

दुरुस्तीस आपण डागडुजी म्हणतो. हा शब्द फारसी. त्याचे उत्तरपद ‘जरदोजी’त आहे तेच, शिवणकामाचे. योगायोगाने तंत्रही शिंप्याचेच आहे. डांबरी रस्त्यावरील खड्ड्याच्या कडा चौकोनी व उभ्या कापाव्या, आतील माती व पाणी काढावे, तळास व कडांस डांबराचा हात द्यावा, मगच खडी-डांबराचे मिश्रण घालून दाबावे. कडा न कापता वरून नुसता मुरूम टाकणे म्हणजे न शिवलेले ठिगळ. पहिल्याच पावसात ते निघते. ‘खड्डे बुजविणे’ या हल्लीच्या शब्दप्रयोगात कापण्याची व शिवण्याची ही कल्पना उरलेली नाही, आणि प्रत्यक्ष कामातही ती क्वचितच आढळते.

पूर्वी ही डागडुजी नित्याची असे, कारण ठराविक अंतरासाठी एक मैलकुली नेमलेला असे. चर मोकळे करणे, कडेची झीज भरणे, लहान खड्डा मोठा होण्याआधी मुजविणे ही त्याची कामे. साठीच्या दशकात मैल जाऊन किलोमीटर आले. मैलकुलीच्या नावातला मैल मात्र राहिला.