सहा वर्षं म्हणजे नक्की किती? गोव्याच्या डिस्टिलरीतून आणलेला एक धडा

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझा चार महिन्यांचा डेटा वाया गेला. कारण ऐकाल तर हसाल. सॅम्पलच्या लेबलवर मी फक्त ‘९० दिवस ठेवलेलं’ असं लिहिलं होतं. ते ९० दिवस उन्हाळ्यातले की पावसाळ्यातले, खोलीचं तापमान किती, हवा किती दमट, कशाचीच नोंद नाही. ही चूक लक्षात आली ती लॅबमध्ये नाही, तर दारूच्या कारखान्यात!

मी स्वतः पीत नाही. घरी डोंबिवलीत ‘डिस्टिलेशन बघायला चाललोय’ असं सांगून ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस पकडली, मडगावला उतरलो आणि तिथून दक्षिणेला कुंकळ्ळीला गेलो. इथे जॉन डिस्टिलरीजची पॉल जॉन ही सिंगल माल्ट व्हिस्की बनते. भारतीय सिंगल माल्ट बाहेर नेण्याची वाट बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये ग्लासगोत पाडली. पॉल जॉन २०१२ मध्ये लंडनमध्ये आली.

सिंगल माल्ट म्हणजे काय, ते आधी बघू. फक्त मोड आणलेली बार्ली वापरायची आणि सगळं काम एकाच डिस्टिलरीत करायचं. मोड आले की धान्यातली एन्झाइम्स जागी होतात. पुढे गरम पाण्यात ती स्टार्चची साखर करतात, यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. मग तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन. फेणीच्या भट्टीवरचं भाण पाहिलं असेल, तर तत्त्व ओळखीचं वाटेल. तांबं इथे शोभेला नसतं, ते गंधकाची उग्र वासाची संयुगं पकडून ठेवतं. धारेचा पहिला आणि शेवटचा भाग बाजूला काढतात, मधला ठेवतात. हा द्रव पाण्यासारखा रंगहीन असतो. रंग आणि बराचसा स्वाद येतो तो नंतर, ओकच्या पिंपात.

खरी गोष्ट पिंपांच्या गोदामात सुरू होते. लाकडातून दरवर्षी थोडा द्रव उडून जातो. त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला साधारण २ टक्के धरतात, गोव्याच्या उष्ण हवेत सुमारे ८ टक्के. आता २०० लिटरचं पिंप घ्या. ८ गुणिले १० म्हणजे ८० टक्के गेलं, असा हिशोब करू नका. दरवर्षी जातात ते उरलेल्याचे ८ टक्के. म्हणून २०० ला ०.९२ च्या दहाव्या घाताने गुणायचं. दहा वर्षांनी गोव्यात उरतात सुमारे ८७ लिटर, स्कॉटलंडमध्ये १६३. आपल्याकडे पिंपं फार वर्षं ठेवणं का परवडत नाही, ते इथे कळतं.

मग मनात येतं, ‘म्हणजे गोव्याचं एक वर्ष बरोबर तिथली चार वर्षं!’ मीही वहीत हेच लिहिलं आणि तिथेच अडकलो. कारण पिंपात एकच प्रक्रिया चालत नाही. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन येतं, टॅनिन विरघळतं, आतला जळका थर नको ते वास शोषतो, हवेतला ऑक्सिजन आत शिरतो, एस्टर तयार होतात. तापमान वाढलं की हे बहुतेक सगळं वेगवान होतं, पण एकाच पटीत नाही. प्रत्येक प्रक्रियेची सक्रियण ऊर्जा वेगळी. म्हणून सहा वर्षांची गोव्याची व्हिस्की ही चोवीस वर्षांची स्कॉच नव्हे. ती वेगळीच वस्तू आहे.

वर आर्द्रता आहेच. जुलैत कल्याण-डोंबिवलीत दोरीवरचे कपडे चार दिवस ओलेच राहतात, पण हातावरचं सॅनिटायझर क्षणात उडतं. हवेत आधीच पाणी भरलेलं असतं, अल्कोहोल नसतं. पिंपाचंही तसंच. हवा दमट असेल तर पाण्याचं जाणं मंदावतं, अल्कोहोल जातच राहतं. त्यामुळे किती टक्के उडालं एवढंच विचारून भागत नाही. काय उडालं, हेही विचारावं लागतं.

आता तुमच्या कामाकडे या. ‘वर्षं’ हे खरं चल नाहीच. ते तापमान, आर्द्रता आणि पिंपाचं लाकूड या सगळ्यांवर चिकटवलेलं सोयीचं लेबल आहे. तुम्ही बियाणं साठवत असाल, पॉलिमर तापवत असाल किंवा विद्यार्थ्यांच्या ‘अनुभवाची वर्षं’ मोजत असाल, स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी मोजतोय ती गोष्ट खरं कारण आहे की कारणाच्या जागी उभी केलेली खूण? त्या काळात आणखी काय काय बदलत होतं? आणि एका गुणकाने सगळं बदलता येईल, हे मी तपासलंय की गृहीत धरलंय?

परत आल्यावर मी सॅम्पल्स पुन्हा लावली. या वेळी शेजारी तापमान आणि आर्द्रता नोंदवणारं छोटं यंत्र ठेवलं. चार महिने गेले ते गेलेच. तुमचे जाऊ नयेत म्हणून आजच लेबलवर दिवसांच्या खाली आणखी दोन रकाने आखा.