जुन्या पेटीचे मोल कसे ठरवावे?

गावच्या भजनी मंडळाकडील किंवा घरातील जुन्या हार्मोनियमला गिऱ्हाईक आले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सूर पॅरिसचे आहेत की जर्मन? बिदर जिल्ह्यातील जनवाड्यासारख्या सीमाभागातील गावांत असो वा गोव्यातील एखाद्या देवळात, या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर पेटीच्या मालकाकडे क्वचितच असते. मग एकतर मौल्यवान पेटी मोडीच्या भावात जाते, नाहीतर नवे सूर बसवलेली पेटी ‘पॅरिसची’ म्हणून चढ्या दराने विकत घेतली जाते. जुन्या पेटीत काय मूळचे आहे आणि काय बदललेले, हे सामान्य माणसालाही बऱ्याच अंशी ओळखता येते.

हार्मोनियमचे पेटंट अलेक्झांडर दबॅं याने १८४२ मध्ये पॅरिस येथे घेतले. ते वाद्य पायाने भाता चालवण्याचे होते. भारतात त्याची हातपेटी झाली, तरी संगीत नाटकांच्या काळात पायपेटीही दीर्घकाळ वाजत राहिली. लाकूडकाम येथले आणि सूर परदेशचे, अशी त्या काळची रीत होती. पॅरिसचे कास्रिएल व एस्तेव्ह आणि जर्मनीचे ज्युबिलेट ही नावे वादकांच्या तोंडी आजही आहेत. पुढे गुजरातेतील पालिताणा येथे सूर तयार होऊ लागले आणि दुरुस्तीला आलेल्या अनेक जुन्या पेट्यांत तेच बसवले गेले.

सूर म्हणजे पितळी पट्टिकेवर रिव्हेटने बसवलेली पितळेची पातळ जीभ. वरचे झाकण व पट्ट्या काढून आतील फळी उघडली की या पट्टिका ओळीने दिसतात. सर्व पट्टिकांच्या पितळेचा रंग, त्यांवर ठोकलेली अक्षरे आणि रिव्हेटची घडण एकसारखी असेल, तर संच एकाच हाताचा आहे असे मानण्यास हरकत नाही. मधूनच एखादी पट्टिका उजळ असेल, अक्षरांचे वळण वेगळे असेल, तर तो सूर नंतरचा. फळीवरील खुणाही पाहाव्यात. जुनी पट्टिका काढल्यावर तिच्या कडेची काळपट रेघ लाकडावर राहते. नव्या स्क्रूशेजारी जुने छिद्र रिकामे दिसले, तर अदलाबदल झाली हे उघड आहे. मोजणीही आवश्यक आहे. ३९ पट्ट्यांच्या दुहेरी सुरांच्या पेटीत ७८ सूर असले पाहिजेत. त्यांतील किती मूळचे, हा आकडा कागदावर लिहून ठेवावा.

त्यानंतर जीभ पाहावी. टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. वारंवार जुळवणी झालेल्या सुरांवर कानशीचे चमकदार ओरखडे दिसतात. असा सूर मूळचा असला तरी त्याचे आयुष्य कमी झालेले असते. आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. फ्रान्सने १८५९ मध्ये ‘ला’ या स्वराची कंपनसंख्या ४३५ ठरवली होती. आज सर्वत्र ४४० धरली जाते. म्हणून जुनी पेटी सर्व पट्ट्यांवर सारखीच किंचित उतरलेली आढळली, तर तो बिघाड समजून लगेच सूर घासून घेऊ नयेत. ती मूळचीच जुळवणी असू शकते.

वय ठरवण्यास बाहेरच्या खुणा मदत करतात. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आले. त्याहून जुन्या म्हणवणाऱ्या पेटीत ते दिसले, तर ते नंतर बसवलेले आहेत. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर पिनकोड असेल, तर ती चिठ्ठी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. बिदर परिसरात जुनी पावती सापडली तर तिच्यावरील राज्याचे नाव वाचावे. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबादेत, मग म्हैसूर राज्यात होता आणि त्या राज्याचे कर्नाटक हे नाव १९७३ मध्ये झाले. हाली सिक्क्यातील किंवा आण्यांतील किंमत हाही पुरावाच आहे. गोव्यात हेच काम पोर्तुगीज अमदानीतील पावत्या करतात. मात्र पावती त्याच पेटीची आहे, हे क्रमांकावरून किंवा वर्णनावरून ताडून पाहिले पाहिजे.

आता मोल. बदललेला प्रत्येक भाग किंमत कमी करतो असे नाही. भात्याचे कापड, चामडे, कमानी आणि नमदा हे झिजणारेच भाग आहेत. ते चांगल्या हाताने बदलले असतील, तर पेटी वाजती राहिली म्हणून त्याचे स्वागतच करावे. खुंट्या व वरच्या पट्ट्या बदलल्याने थोडी घट धरावी. सूर, त्यांची फळी आणि कारखान्याची चिठ्ठी गेली असेल, तर घट मोठी धरावी, कारण ती भरून निघत नाही. हिशेब करताना तशाच, पूर्ण मूळ व वाजत्या पेटीचा चालू भाव आधी विचारावा. त्यातून दुरुस्तीचा खर्च आणि हरवलेल्या मूळ भागांची घट वजा करावी. पट्ट्यांवर हस्तिदंत असेल तर त्याची वेगळी किंमत धरू नये. त्याचा व्यापार देशात कायद्याने बंद आहे.

या नियमाला एक अपवाद आहे तो वादकाच्या नावाचा. ब्रिटिश गिटारवादक डेव्हिड गिल्मर याने १९७० मध्ये घेतलेल्या काळ्या विद्युत गिटारचे गळ्यासह कितीतरी भाग वेळोवेळी बदलले गेले होते. तरीही जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली, कारण ती कोणाच्या हातात होती याचा अखंड पुरावा होता. आपल्याकडे एखादी पेटी गोविंदराव टेंबे यांची किंवा बोरीच्या तुळशीदास बोरकरांची म्हणून सांगितली जाते, तेव्हाही छायाचित्र, पत्र, पावती मागावी. ऐकीव आठवण आदराने ऐकावी, पण तिचे पैसे मोजू नयेत.

विकणाऱ्यांनी एक धोका ओळखला पाहिजे. काही खरेदीदारांना पेटी नको असते, सूर हवे असतात. लाकूड कुजले आहे असे सांगून ते पेटी मोडीत घेतात, सूर उपसून दुसऱ्या खोक्यात बसवतात आणि जुने खोके चुलीत जाते. म्हणून सौद्याआधी पेटी उघडून आतली छायाचित्रे घ्यावीत, सुरांची मोजणी मंडळाच्या वहीत नोंदवावी आणि खरेदीशी संबंध नसलेल्या दोन कारागिरांचे मत घ्यावे. गावाने वर्गणी काढून घेतलेली पेटी असेल तर हा हिशेब सर्वांसमोर मांडणे अधिकच आवश्यक आहे. पुष्कळदा त्यातून असेही ध्यानात येते की, नवा भाता घालण्याचा खर्च नव्या पेटीपेक्षा कमी आहे. तसे असेल, तर ती पेटी विकण्याचे कारणच उरत नाही.