खेळाला शिस्त लावणारे हौशी लोक

हुतूतू हा आपल्या मातीतील खेळ होय. त्याला चेंडू लागत नाही की फळी लागत नाही. चार रेषा आखण्यापुरती जागा आणि छातीत दम असला, की खेळ सुरू होतो. असा हा सोपा खेळ; परंतु त्याचे सामने भरवणे मात्र एके काळी फार अवघड होते. असे का, ते आपण पाहू.

समजा, त्या काळी दारव्ह्याचा संघ पुसदला खेळावयास गेला आहे. दारव्ह्याचा एक गडी बाद झाला. आता त्याचे काय करावयाचे? खेळण्याच्या तीन पद्धती प्रचारात होत्या. संजीवनी पद्धतीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला, की आपला बाद झालेला एक गडी पुन्हा 'जिवंत' होई. गामिनी पद्धतीत आपला सारा संघ बाद होईपर्यंत त्याला बाहेरच बसावे लागे. अमर पद्धतीत बाद गडी मैदानातच राही. प्रतिपक्षाला केवळ गुण मिळे. एका संघाला एक पद्धत ठाऊक, दुसऱ्याला दुसरी! मग निवाडा कोणी करावा? ज्याचा आवाज मोठा, त्याचाच जय व्हावयाचा आणि खेळातून वैर उत्पन्न व्हावयाचे.

असा प्रश्न केवळ आपल्याकडेच होता असे नाही. अमेरिकेत शिकागो शहरी १८८७ साली काही मंडळींनी मुष्टियुद्धाचा हातमोजा गुंडाळून त्याचा चेंडू केला व तो काठीने टोलवला. त्यातून सॉफ्टबॉल हा खेळ निघाला. तोही अनेक वर्षे गावोगावी निरनिराळ्या नावांनी व नियमांनी खेळला जाई. १९३३ साली तेथील हौशी खेळाडूंची संघटना स्थापन झाली, तेव्हा त्याला एकसूत्रीपणा येऊ लागला.

हुतूतूला शिस्त लावण्याचे कार्यही हौशी लोकांनीच केले. पोटासाठी नव्हे, तर आवडीने खेळतो वा खेळासाठी झटतो, तो हौशी. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने ठरावीक नियमांनुसार सामने भरवले. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली एक व्यायामशाळा काढली होती. तीच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपास आली. या मंडळाचे पथक १९३६ साली ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी बर्लिनला गेले. तेथे त्याने भारतीय व्यायामप्रकार दाखवले. त्यांत हुतूतूही होता. वऱ्हाडच्या मातीतील खेळ परदेशीयांनी कौतुकाने पाहिला!

१९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि 'कबड्डी' हे नाव देशभर रूढ होत गेले. सामन्यांसाठी संजीवनी पद्धत सर्वमान्य झाली. मुंबईचे सदानंद शेट्ये यांना १९७२ साली या खेळासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. संघटनेच्या कार्यास शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी आपले आयुष्य वाहिले. लोक त्यांना आदराने 'कबड्डीमहर्षी' म्हणत. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात 'कबड्डी दिन' म्हणून साजरा होतो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डीचा प्रथमच समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक पटकावले.

२०१४ पासून व्यावसायिक कबड्डीचे सामने होऊ लागले. आज उत्तम खेळाडूला पैसा मिळतो, कीर्तीही मिळते. ती त्याने कष्टाने मिळवलेली असते, यात शंका नाही. तथापि ज्या मैदानावर तो उभा असतो, ते कोणी तयार केले, याचा विसर पडू नये. पहाटे उठून माती चाळणारे, चुन्याने रेषा आखणारे, गुणपत्रक लिहिणारे, आपल्याच गावाच्या गड्याला निर्भयपणे बाद ठरवणारे पंच यांची नावे कोणत्याही ढालीवर कोरलेली नसतात.

विद्यार्थी मित्रहो, पुढील वेळी शाळेत सामने होतील, तेव्हा चढाई करणाऱ्यासाठी टाळ्या अवश्य वाजवा. पण पंचाचा निर्णय आपल्या संघाविरुद्ध गेला, तर क्षणभर थांबा. तो निर्णय शांतपणे मानणे, हेही खेळणेच होय. तो मानला गेला नाही, तर उरतो तो केवळ आरडाओरडा. खेळ उरत नाही.